राळ्याएवढं भोक

मन्मथआप्पांच्या टोपीत बाभळीचे काटे असायचे. एक न्हाय, चार-पाच. पांढऱ्या टोपीच्या घडीत असे वळीनं खोवलेले, जशा बायका अंबाड्यात आकडे खोवतेत. लगीन असू द्या, मयत असू द्या, काटे संगंच. दुसरा माणूस कुणाच्या घरी गेला तर म्हणतो, "बरं हाय का?" आप्पा उंबऱ्यात उभं राहायचे, लिंगायतांच्या रीतीनं हात जोडून "शरणार्थी" म्हणायचे आन् आत नजर टाकून इचारायचे,

"भोक केवढं हाय?"

कशाचं, ते त्यांनाच ठावं. नळाचं, गॅसच्या बर्नरचं, कुकरच्या शिट्टीचं, किटलीच्या तोटीचं. ज्या घरात गेले तिथलं जे भोक पयलं दिसंल त्याचं. सून नवी असली तर घाबरून सासूकडं बघायची. सासू म्हणायची, "भिऊ नगं. खव्याच्या भट्टीवरले आप्पा हायेत. शिट्टी दे त्यांच्या हातात आन् च्या टाक."

मी पारूबाई, आप्पांची शेजारीण. भट्टीच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या हायेत. एकीत मी राहायचे, एकीत ते. मधी एकच भिंत. त्यांचं खोकणं मला पाठ, माझं भांडं पडल्याला आवाज त्यांना पाठ. अकरा वर्सं असंच काढलं.

आमचा भूम तालुका खव्याचा. धनी वारले तवा लेक मांडीवर व्हती. तिला पाठीला बांधून मी महेशच्या बापाच्या भट्टीवर कढई हलवायला आले, ते तवापासनं हितंच. तवा लाकडाची भट्टी. खाली जाळ, वर कढई, हातात लांब उलथणं. दूध एका जागी थांबलं की लागतं, म्हणून हात थांबवायचा न्हाय. मानूस गेला तरी थांबवायचा न्हाय. धुरानं डोळ्याला सदा पाणी. त्याचा एक फायदा झाला. मला रडाया येगळं बसावं लागलं न्हाय. धुराचं पाणी कुठलं आन् माझं कुठलं, कुणाला कळायचं न्हाय. लेक मोठी झाली, बार्शीला दिली. सासू-सासरे, दीर-जावा, दोन खोल्या. तिथं माझी वळकटी टाकाया जागा न्हाय. तिनं कदी म्हणलं न्हाय तसं, पण म्या बघितलं ना.

मंग महेश कारभार बघाया लागला. त्यानं लाकडाची भट्टी काढली आन् बॉयलर आणला. तीन नव्या कढया, दोन बुडाच्या. दोन्ही बुडांच्या मधी वाफ फिरती, वर दूध आटतं. कढईखाली धूर न्हाय, राख न्हाय. माझे उरलेसुरले डोळे त्या वाफेनं वाचवले म्हणा. पण बॉयलर सांभाळायचा कुणी? तवा उमरग्याकडनं आप्पा आले. सारी जिंदगी साखर कारखान्यात बॉयलरवर काढलेली. बायको वारलेली, मूलबाळ न्हाय. संगं एक पत्र्याची पेटी, एक लाकडी काठी आन् तारंत ओवलेल्या पितळी चकत्या. हाताच्या अंगठ्याएवढ्या चकत्या, हरेकीच्या मधात एक भोक.

पयल्याच दिवशी म्या इचारलं, "हे काय वो, आप्पा? म्हशीला घालायच्या का?"

आप्पा हसले न्हायती. त्यांना त्यातलं हसू कळायचंच न्हाय. खाली बसले आन् मला शाळेतल्या पोरीवानी समजावून सांगाया लागले.

"आक्का, वाफ दुधाला ऊब देती. ऊब दिली की ती थकती. थकली की तिचं पाणी व्हतं. ते पाणी कढईच्या बुडात साठलं की वाफेला जागा ऱ्हात न्हाय, कढई गार. म्हणून खालच्या पाइपातनं पाणी काढायचं. पण पाइप मोकळा सोडला तर पाण्याच्या मागं वाफ बी पळती. मंग?"

"मंग तोटी लावा."

"तोटीपशी दिसभर कोन बसंल? चकती घालायची. गरम पाणी त्या बारीक भोकातनं भायेर पडताना फुलतं बगा, त्याचीच आर्धी वाफ व्हती. त्या गर्दीनं भोक चोंदून जातं. मागची वाफ म्हणती, थांबू बाई, पुढं लई गर्दी हाय. पाणी निघतं, वाफ थांबती. पाण्याला वाट, वाफेला थांब."

"आन् लई जोर केला वाफेनं तर?"

"जोर करू द्या, न्हाय तर पुढं सारं रान मोकळं करून द्या. भोक जेवढं, तेवढंच जाणार."

हे दोन बोल त्यांचे. "पाण्याला वाट, वाफेला थांब" आन् "भोक जेवढं, तेवढंच जाणार." कुठंबी लागू करायचे. सरपंचाच्या भावाचं बोलणं थांबत नसायचं, तर आप्पा म्हणायचे, "त्याची चकती निखळलीय." माझ्या पलीकडं कढईवर मुक्ता म्हणून बाई व्हती, ती कुणाशी बोलायची न्हाय. तिला म्हणायचे, "पोरी, तुझं भोक चोंदलंय. काटा घाल कुटंतरी, न्हाय तर आत आदळआपट व्हती." पाइपात पाणी तुंबलं की वाफ त्याला ढकलती आन् पाइप घणानं ठोकल्यागत वाजतो, ते त्यांच्या मनात असायचं. मुक्ता एवढी हसली त्या दिवशी. मंग रडली. मंग तिचं सारं सांगितलं तिनं मला.

भोकाचं माप आप्पा इंचात सांगायचे न्हायती. दाण्यात सांगायचे. राजगिरा, राळं, बाजरी, ज्वारी. आमच्या कढयांना राळ्याचं भोक. चकतीवर राळ्याचा दाणा ठिवायचा. दाणा भोकात बसला पायजे, पडला न्हाय पायजे. आता राळे कोण पेरतं? कुणी न्हाय. आप्पा बाजारात फिरून मूठभर राळे आणायचे आन् काडीपेटीत ठिवायचे. एकदा दुकानदारानं इचारलं, "आप्पा, पाखरं पाळलीत का?" आप्पा म्हणाले, "न्हाय, माप हाय." दाणा न् दाणा निवडून घ्यायचे. फुगीर नगं, चपटा नगं. मागं गिऱ्हाइकं बोंबलतेत.

एकदा महेशच्या पुतणीचे कान टोचायचे व्हते. सोनार आला, गूळ-खोबरं आलं, लेकरू मांडीवर घेतलं. आप्पा पुढं सरकले.

"भोक केवढं पाडणार?"

सोनार म्हणला, "कानाला पाडतेत तेवढं."

"तेवढं म्हंजे? राजगिरा बस झाला. राळं नगं. लेकराचं कातडं हाय, पुना वाढतं."

लेकराची आजी कडाडली, "आप्पा, माझ्या नातीचा कान हाय, तुमच्या बॉयलरचा पाइप न्हाय! सरका तिकडं!" आप्पा सरकले. पण सोनाराच्या तारंकडं शेवटपतुर बघत राहिले, आन् लेकरू रडलं तवा ह्यांच्याच डोळ्याला पाणी.

सोमवारी त्यांचा उपास असायचा. त्या दिवशी वाडीतल्या सगळ्या कुकरच्या शिट्ट्या साफ. बाया वैतागायच्या. "आप्पा, डाळ शिजू द्या की!" "डाळीचं साल भोकात अडकलं तर कुकर छताला जाईल, डाळ काय घिऊन बसलीस." त्यातच त्यांचा कायदा असायचा, लोखंड लावायचं न्हाय. सुई न्हाय, पिन न्हाय, तार न्हाय. फकस्त बाभळीचा काटा.

"काट्यानं मळ निघतो, भोक वाढत न्हाय. लोखंड मळ काढतं आन् वरनं धातू खातं. आज दिसत न्हाय. उद्या दिसत न्हाय. मंग एक दिस दिसतं."

हे म्या पन्नासदा ऐकलं. पन्नासदा हसले. मला वाटायचं, एकट्या माणसाला काहीतरी येड पायजेच. कुणी देवाचं घेतं, कुणी तपकिरीचं. ह्यांनी काट्याचं घेतलं.

त्यांची काठी सांगायची राहिली. गुळगुळीत लाकडी काठी, हातभर. एक टोक पाइपाला लावायचे, दुसरं कानाला. डोळे मिटून ऐकायचे. "पाणी खळखळ बोलतं, वाफ शीळ घालती." एका हिवाळ्यात मला खोकला झाला, पंधरा दिस हटंना. आप्पा दारात आले. म्हणले, "आक्का, पाठ करा." म्या म्हणलं काय येड्यावानी. तर त्यांनी काठी माझ्या पाठीला लावली आन् कान टेकला. लई येळ ऐकलं.

"आत पाणी हाय. उटा, दवाखान्यात."

"सर्दी हाय साधी."

"ह्या आवाजाला म्या आयुष्य दिलंय. उटा म्हणतो ना."

भूमच्या दवाखान्यात डाक्टर म्हणले, छातीत पाणी झालंय, चार दिस अजून राहिला असता तर अवघड व्हतं. मी आठ दिस तिथं. माझी कढई आप्पांनी हलवली, बॉयलर बघत बघत. मुक्ता सांगत व्हती, उलथणं उलटं धरायचे, खवा लागायचा, महेश वरडायचा, पण कढई बंद पडू दिली न्हाय. कढई बंद पडली असती तर माझ्या जागी दुसरी बाई आली असती. हे त्यांना ठावं व्हतं. मला बी ठावं व्हतं.

मंग आप्पांचे डोळे गेले. पुरते न्हाय. मोतीबिंदू पिकत चाललेला, आन् हाताला कंप सुटलेला. सकाळी बॉयलर पेटवायच्या आदी तिन्ही चकत्या काढायच्या, चिंचेच्या पाण्यात टाकायच्या, बसल्याला खार सुटतो, मंग काट्यानं भोक साफ करायचं. असा रोजचा नेम. एका सकाळी मी खोलीतनं बघितलं. आप्पा पायरीवर बसलेले. एका हातात चकती, एका हातात काटा. काटा चकतीच्या कडंला टोचायचे, मंग वर, मंग खाली. भोक सापडंना. काटा मोडला. टोपीतला दुसरा काढला. तो बी मोडला. मंग चकती उन्हाकडं धरून एका डोळ्यानं बघत राहिले, जसं आत कुणीतरी बसलंय आन् त्याला हाक मारायची हाय.

महेश आदीच म्हणत व्हता, आप्पा थकले, आता पाणी आपसूक काढणारं यंत्र मिळतं, ते बसवू. यंत्र आलं की आप्पा अणदूरला. तिथं त्यांचा पुतण्या. आप्पा म्हणायचे, "पुतण्या चांगला हाय." एवढंच. चांगला हाय म्हणून कुणी जातं का?

आप्पा चकत्या चिंचेच्या पाण्यात टाकून पूजेला बसायचे. अंगुळ, भस्म, लिंगाची पूजा, त्यात त्यांचा अर्धा तास जायचा. म्या ठरवलं. ते आत गेले की मी चकत्या काढायचे, साफ करायचे, परत पाण्यात टाकायचे. पयल्या दिवशी काट्यानं केलं. माझेबी डोळे धुरानं खाल्लेले, काटा मोडायचा, टोक आत अडकायचं. तिसऱ्या दिवशी म्या वाकळ शिवायचं दाभण घेतलं. म्हणलं, कशाचा कायदा न् कशाचं काय. भोक साफ झालं म्हंजे झालं. दाभण घातलं, गरागरा फिरवलं. पिवळी पिवळी भुकटी निघाली. म्या म्हणलं, बघा, किती मळ व्हता आत.

आप्पा पूजेवरनं आले, चकती पाण्यातनं काढली, काटा लावला. सर्रकन गेला.

"बगा आक्का," ते म्हणले, "अजून हात चालतो."

"चालतोय की," म्या म्हणलं. "तुमच्या हाताला काय झालंय?"

दोन म्हयने केलं असं. रोज थोडी पिवळी भुकटी. रोज भोक कसं गोल, चकचकीत. मला बरं वाटायचं. जल्मात कुणासाठी चोरून काही केलं नव्हतं. चोरून खाल्लं व्हतं, चोरून रडले व्हते, पण असं न्हाय.

कढया हळूहळू सुस्त व्हत गेल्या. खवा व्हायला येळ लागाया लागला. महेश म्हणायचा, कोळसा वाईट. आप्पा काठी लावून ऐकायचे आन् कपाळाला आठ्या घालायचे. "शीळ लई घालतीय," म्हणायचे. "कुटंतरी पळतीय." पण कुटं, ते त्यांना कळंना. कारण चकत्या तर ते रोज साफ करत व्हते.

दसऱ्याच्या आदी पेढ्याच्या खव्याची मोठी मागणी आली. त्या दिवशी सकाळीच तिन्ही कढया भरून दूध. बॉयलर पेटला, वाफ सोडली, आन् खालच्या तिन्ही पाइपातनं पांढरी वाफ अशी फुसांडत भायेर आली की अंगणातली कुत्री पळाली. वर दूध नुसतं कोमट. आप्पा कोळसा टाकतेत, दाबाच्या घड्याळाचा काटा खाली येतोय, वाफ सारी खालनं जातीय. दुपारपतुर दूध तसंच राहिलं. मंग फाटलं. तिन्ही कढया. आख्ख्या वाडीचं दूध.

महेश कमरंवर हात ठिवून उभा. आप्पांनी बॉयलर बंद केला, पाइप गार व्हायची वाट बघितली आन् पयली चकती काढली. काडीपेटी उघडली. हात कापत व्हता म्हणून मला म्हणले, "आक्का, राळं ठिवा ह्यावर."

म्या एक दाणा उचलला आन् भोकावर ठिवला.

दाणा खाली पडला. धप्पकन न्हाय, एवढ्याश्या दाण्याचा आवाज काय व्हतोय. पण मला ऐकू आला.

"बाजरी आना."

मुक्तानं डब्यातनं बाजरी आणली. म्या ठिवली. बाजरी बसली. अशी बसली जशी तिच्यासाठीच केलीय.

आप्पांनी चकती हातात घेतली. डोळे मिटले आन् करंगळीचं नख भोकाच्या कडंनं फिरवलं. एकदा. परत एकदा. मंग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. माझ्या पोलक्याला दाभण टोचलेलं व्हतं. वाकळंचं दाभण, सदा तिथंच असायचं, जसा त्यांच्या टोपीत काटा. ते त्यांना दिसलं का न्हाय, मला तवा कळलं न्हाय. तेवढ्या डोळ्यानं काय दिसणार.

"हे कुणी केलं?" महेश म्हणला. "आप्पा, तुमीच सांगता ना, लोखंड लावायचं न्हाय? मंग भोक कसं वाढलं?"

माझ्या तोंडात शब्द आला व्हता. देवाशपथ आला व्हता. पण डोळ्यापुढं बार्शीच्या त्या दोन खोल्या आल्या आन् माझी वळकटी आली.

"म्या केलं," आप्पा म्हणले. "काटे मोडत व्हते. तार घातली."

"तुमी? तार?"

"व्हय. म्हातारपण हाय, बाबा. घाई झाली."

मी तशीच उभी. हातात राळ्याची काडीपेटी. महेश बरा माणूस हाय, तो वरडला न्हाय. नुसतं म्हणला, "आप्पा, आता बस करा." दसरा झाला आन् यंत्रं आली. आप्पांनी पेटी भरली. त्या तीन चकत्या महेश भंगारात टाकत व्हता. आप्पांनी त्यातली एक मागून घेतली. एष्टीत बसताना मला म्हणले, "कुकरची शिट्टी बघत जावा." मी मान हलवली. त्यांची पेटी वर चढवून दिली. एष्टी गेली.

पलीकडनं खोकणं येईना. भांडं पडलं तर मलाच दचकाया व्हायचं. सोमवारी बाया म्हणायच्या, "आप्पा न्हायती, शिट्टी कोन बघंल?" कुणी काटे आणले न्हायत. म्या दाभण काढून ठिवलं आन् वाकळ अर्धी तशीच टाकली.

संक्रांत झाल्यावर मी निघाले. फडक्यात तिळाच्या पोळ्या बांधल्या. भट्टीच्या मागच्या बाभळीचे काटे तोडले, चांगले लांब, सरळ, पंचवीस-तीस, आन् पेपरात गुंडाळले. भूम ते धाराशिव, धाराशिव ते तुळजापूर, तिथनं अणदूर. खंडोबाच्या देवळाजवळ इचारलं, पुतण्याचं घर दाखवलं कुणीतरी. चांगलं बांधलेलं घर. फरशी, पंखा, गॅस. सूनबाई बी गोड, "या आत्या" म्हणली.

आप्पा ओट्यावर खुर्चीत बसलेले. टोपीत एकबी काटा नव्हता. टोपी कशी उघडी वाटत व्हती, जसं बिनकुकवाचं बाईचं कपाळ.

सूनबाई म्हणली, "लेकराच्या पायात मोडला वो एक. मंग काढून टाकले सगळे." तिचं बी चुकलं न्हाय.

ती च्या टाकाया आत गेली. म्या पेपर त्यांच्या मांडीवर ठिवला. त्यांनी हातानं चाचपला, एक काटा उचलला, बोटावर टोक लावून बघितलं. "भट्टीमागची हाय," म्हणले. "हिचा काटा कडक असतोय."

मंग म्या सांगितलं. उभ्यानंच. "आप्पा, ते भोक म्या वाढवलं. दाभणानं. दोन म्हयने. तुमाला भोक सापडंना, म्हणून. मला वाटलं मळ निघतोय. ते पितळ व्हतं."

आप्पा काटा बोटात फिरवत राहिले.

"ठावं हाय, आक्का."

"कवा कळलं?"

"दाभणाचं त्याच दिवशी. नख फिरवलं की कळतं, कडंला वळ व्हते. पण चकत्या कोन साफ करतंय ते पयल्या दिवसापासनं ठावं व्हतं. माझ्या हातानं निघत न्हाय ते मला कळत न्हाय व्हय?"

"मंग बोलला का न्हाय?"

"तुमी मायेनं करत व्हता. म्हणलं, करू द्यावं."

"आन् महेशला खोटं का सांगितलं? तुमची जागा गेली की वो."

"मला पुतण्या हाय," ते म्हणले. "तुमाला कोन हाय?"

आत च्या उकळत व्हता. आप्पांनी खिशातनं ती चकती काढली, जी मागून घेतली व्हती. तिला तवापासनं हात लावून लावून अशी झिलई आली व्हती. ती अंगठ्यानं चोळत बोलाया लागले. अकरा वर्सात बायकोचं नाव त्यांच्या तोंडातनं म्या ऐकलं नव्हतं.

"नीलव्वाचा घसा धरला व्हता, आक्का. आतनं गाठ. डाक्टरला म्या इचारलं, भोक केवढं ऱ्हायलंय? तो म्हणला, राजगिऱ्याएवढं. मी रोज दूध पाजायचा. चमच्यानं. एक थेंब, मंग थांब. एक थेंब, मंग थांब. सहा म्हयने पाजलं. मला येत व्हतं ते, माझं कामच ते. एक दिस कारखान्याचा भोंगा झाला, पाळीला जायचं व्हतं, आन् म्या चमचा थोडा कलता केला. थोडासाच. तेवढंच जास्त झालं. ठसका लागला तो सुटलाच न्हाय."

चकती त्यांनी मुठीत धरली.

"मला कुणी इचारलंच न्हाय. डाक्टर म्हणला दुखण्यानं गेली, माणसं म्हणली सुटली. कुणी इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं. महेशनं इचारलं, कुणी केलं. म्हणलं, चला, इचारलं तर खरं कुणीतरी."

म्या काटे वेचले आन् त्यांच्या टोपीच्या घडीत एक खोवला. त्यांनी डोकं खाली केलं, लेकरानं करावं तसं. म्या म्हणलं, "एकच ठिवा. लेकराच्या पायात जायचा न्हाय." बाकीचे पेपरात गुंडाळून त्यांच्या उशाखाली ठिवले.

च्या झाला. तिळाची पोळी त्यांनी अर्धी खाल्ली, बारीक बारीक तुकडे करून, हरेक घासाला थांबत. त्यांची खायची तऱ्हा अशीच व्हती, आमी भट्टीवर लई हसायचो त्याला.

मी निघाले. सूनबाईनं वाटंला भाकरी आन् शेंगाची चटणी बांधून दिली. आप्पा फाटकापतुर आले. मला वाटलं, आता म्हणतील, शिट्टी बघत जावा, भोक बघत जावा. तर ते माझ्या तोंडाकडं बघत उभं राहिले, त्या पिकल्या डोळ्यांनी, आन् म्हणले,

"आक्का, घास उतरतो ना?"

अकरा वर्सं ते जिथं जातील तिथं एकच गोष्ट इचारत व्हते, आन् आमी हसत व्हतो.

"उतरतो की, आप्पा," म्या म्हणलं.

तुळजापूर सोडल्यावर एष्टीत भाकरी सोडली. एक तुकडा मोडला, चटणी लावली, तोंडात घातला. लई येळ चावला. शेजारची बाई म्हणली, "मावशी, पाणी देऊ का?"

घास काय उतरला न्हाय. पाणी तेवढं गेलं.